तारणाची तारीख

“खिचडी झाली का, मावशी?” असं विचारलं की आमच्या शाळेतल्या खिचडीवाल्या मावशी एक शीत बोटांत चिरडून म्हणायच्या, “होऊन राह्यली, सर.” पोरं ताटं घेऊन बसली तरी उत्तर तेच, अजून होतेय. मी चिडायचो. खिचडी मात्र कधी कच्ची निघाली नाही.

नवरा गेल्यावर मावशी ख्रिस्ती झाल्या. दर रविवारी काळी-पिवळी जीपने रिसोडच्या प्रार्थनाघरात जायच्या. तिथे एकेकाने उभं राहून साक्ष द्यायची रीत. आपलं तारण, म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका, कधी झालं ते सगळ्यांपुढे सांगायचं. एका ड्रायव्हरने तर मंगळवार, दुपारचे चार, मालेगाव फाटा, इतकं चोख सांगितलं होतं. पुढच्या रविवारी मावशींची पाळी होती, आणि त्यांच्याकडे सांगायला दिवसच नव्हता.

एक दिवस त्या ऑफिसात येऊन माझ्यापुढे बसल्या. “सर, मले एक तारीख लावून द्या.”

“कसली?”

“तारनाची. जन्माची लावता न तुमी?”

आता हे खरंच. जन्माची नोंद नसली की आम्ही मास्तर लोक एक जून ठोकून देतो. तुमच्याही ओळखीत एक जूनवाले चार म्हातारे सापडतील. मावशीही त्यातल्याच. मला हसू फुटत होतं, पण त्यांचे डोळे भरलेले दिसले आणि मी ते गिळलं.

“माह्या नवऱ्याच्या मातीले किन्हीराजा गावची जाऊ आली नाई,” त्या म्हणाल्या. “प्रार्थनेत तिले माफ करतो. घरी आलं का तिचं तोंड आठवते, अन् सारा राग वापस. मंग मी तरली का नाई, सर? नसन तरली तं कसं व्हईन माहं?”

बाप रे! मला आमच्याच देवाचं धड कळत नाही. पण खोटी तारीख लिहायला हात धजेना. “खरं आहे तेच सांगा,” एवढंच म्हणालो, आणि रविवारी सोबत गेलो.

मावशी उभ्या राहिल्या. पदर मुठीत घट्ट. “माही तारीख नाई. जावेले माफ करतो, पुन्हा राग येते, पुन्हा करतो. इतकंच हाय.”

मग म्हातारे पाळक, तिथले धर्मगुरू, उठले. “बाई, माहीबी जन्मतारीख एक जून, मास्तरानं लावलेली. जन्मल्याचं मले काई आठवत नाई. पन जिता हाव न? बसा खाली.”

सगळे हसले. मावशी हसता हसता रडल्या. येताना काळी-पिवळीत माझ्या पिशवीवर डोकं टेकून त्या गाढ झोपल्या. त्यांना इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं.

गेल्या वर्षी त्या जावेला लकवा झाला. तिला पाहायला कोणी नव्हतं. मावशी खिचडीचं काम सोडून किन्हीराजाला गेल्या. आता नवी बाई आहे. विचारलं की लगेच “झाली” म्हणते, आणि डाळ दाताखाली येते.

यंदा एक जूनला मी मावशींना वाढदिवसाचा फोन लावला. मागून जावेचं ओरडणं ऐकू येत होतं, “वरन अळनी हाय! कायले करतं असं?”

मावशींनी एक मोठा श्वास घेतला. मग हसल्या.

“आयकलं न, सर? तारून राह्यला देव मले आजूक.”