न बघणारी मावशी

आमच्या बेसा वस्तीतल्या मावशींनी कुठल्याही लहान मुलाच्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही. पोर समोर आलं की त्यांची नजर त्याच्या पावलांवर जायची आणि तिथेच बसायची. कॉलनीतली सगळी मुलं त्या पावलांवरून ओळखायच्या. "हे वाकड्या अंगठ्याचं कोणाचं वं?" असं विचारायच्या, आणि आई बिचारी ओशाळून मुलाचा अंगठा बघायला लागायची.

गंमत अशी, की कॉलनीची दृष्टही याच मावशी काढायच्या. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन डोळे मिटून पोरावरून ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. घरभर ठसका उठला तर दृष्ट नव्हतीच. मिरच्या मुकाट जळल्या तर होती. पण तापाचं मूल आणलं की त्या दारातूनच परत पाठवायच्या. "आधी धंतोलीले जाय. डॉक्टरची चिठ्ठी दाखव, मंग माह्याकडे ये. मिरचीनं ताप उतरला असता, तं सावजीकडे तिखटजाळ जेवणारा कोणी आजारीच पडला नसता."

मी एम.एस्सी. झालेली, शेजारीच राहणारी. या सगळ्याला हसायचे, पण उन्हाळ्याच्या दुपारी त्यांच्याचकडे जाऊन पडायचे. त्यांच्या कूलरची खस कधी कोरडी नसे. अशाच एका दुपारी माझा डोळा लागत असताना त्या बोलायला लागल्या. रामटेकजवळच्या गावात त्या नव्या नवरी होत्या. शेजारणीच्या बाळाकडे बघून "गोड आहे वं" म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशी ते तापानं गेलं. गावानं त्यांना चेटकीण ठरवलं. "मी धान रोवण्याले बांदीत उतरली, का बाकीच्या बाया बांदीबाहेर." आवाज अगदी सपाट, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. मी डोळे उघडले नाहीत. धानाचं हिरवं पाणी आणि त्यात एकटी उभी असलेली बाई मला कूलरच्या घरघरीत दिसत राहिली.

पुढे माझी ओवी झाली आणि मी हट्टाला पेटले. "मावशी, एकदा बघा न हिच्याकडे. मी नाही मानत असलं काही."

"तू नाही मानत वं. मी मानून राहिली न."

वर्षभर त्या तिच्या पावलांशीच खेळल्या. पहिल्या वाढदिवसाला मी ओवीला सरळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि ओवीनंच त्यांची हनुवटी धरून मान वर केली. मावशींनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "गोड आहे वं," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी ओवीला ताप भरला. धंतोलीच्या डॉक्टरांनी व्हायरल सांगून औषध दिलं, पण दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ताप हटेना. दिवेलागणीला मी मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेतल्या. भिंतीपलीकडे मावशी असताना, दारं-खिडक्या लावून, मी स्वतः. दृष्ट कुणाची, हे माझ्या मनात पक्कं होतं. ते लिहिताना आजही लाज वाटते.

स्वयंपाकघराची जाळी तेवढी उघडी राहिली होती. मिरच्या तडतडल्या आणि जोराचा ठसका उठला. मी खोकले, ओवी खोकून रडायला लागली आणि जाळीपलीकडून मावशींचा खोकला ऐकू आला.

"लागला वं ठसका," पलीकडून आवाज आला. "मलेही लागला. दृष्ट नव्हती. आता तिचं अंग ओल्या फडक्यानं पुस."

सकाळी ताप उतरला. मी माफी मागायला गेले, तर मावशी पिशवी भरत होत्या.

"रागावल्या का?"

"काहून रागावू? चाळीस वर्षं मले वाटे, का ते लेकरू मीच खाल्लं." त्यांनी ओवीचा चेहरा दोन्ही हातांत धरून पोटभर पाहिला. "त्याच्या मायले भेटून येईन म्हणते. म्हातारी झाली असंन."

त्या परत आल्या नाहीत. तिथेच भाचीकडे राहिल्या आणि धान कापणीच्या दिवसांत गेल्या. भाचीचा फोन आला. ती म्हणाली, "त्रास काही झाला नाही, ताई. ती शेजारीण रोज आपल्या नातवाले घेऊन येत होती. पाळण्यात नाही, हिच्या मांडीवरच निजवत होती. अन् मावशी त्याच्या तोंडाकडे बघत बसत."