राजधानीला न पोचणारे मामा

माझ्या बायकोचे मामा माझ्या राज्यात जितक्या वेळा मेले, तितकी माणसं त्या राज्यातल्या सगळ्या लढायांत मिळून मेली नसतील. राज्य कागदावरचं आहे, हे आधी सांगायला हवं. मी नोकरी करतो विमा कार्यालयात आणि छंद म्हणून नसलेल्या देशांचे नकाशे हाताने काढतो. डोंगर, जंगलं, बंदरं आणि कुठेतरी आत एक राजधानी. पनवेलमध्ये असे वेडे आम्ही पाच-सहा जण आहोत. बाजारात कासिमभाईंचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर रविवारी सकाळी आम्ही जमतो आणि एकमेकांचे नकाशे बघतो. नुसते बघत नाही. आमचा रिवाज असा, की नकाशा टेबलावर पसरायचा, बघणाऱ्याने बंदरावर बोट ठेवायचं आणि वाटेत काय काय लागतं ते बोलत बोलत राजधानीपर्यंत चालत जायचं. तोवर नकाशा काढणाऱ्याने तोंडातून अक्षर काढायचं नाही. काय चुकलंय ते त्याला आपोआप कळतं. बाकीचे लोक दोन मिनिटांत राजधानी गाठतात, "मस्त झालाय" म्हणतात आणि चहाकडे वळतात. मामांना तिथे घेऊन गेलो ही माझीच चूक. निवृत्त झाल्यापासून ते स्वयंपाकघरात फार लुडबुड करतात, असं मामी म्हणाल्या होत्या. मला वाटलं, माणूस जरा रमेल.

मामांनी उभी हयात औषधकंपनीची बॅग घेऊन रायगड जिल्ह्यातले दवाखाने पालथे घातले. त्यामुळे चालणं ही गंमत असू शकते, हे त्यांना मान्यच नाही. बोट ठेवण्याआधी ते पेलाभर पाणी पितात. मग विचारतात, "महिना कोणता?" आणि मला बोलायची बंदी असल्यामुळे स्वतःच ठरवून टाकतात, "वैशाख धरू." दर वेळी वैशाखच! माझ्या देशात एकदा मार्गशीर्षात यायला यांचं काय जात होतं? चढ लागला की ते खरोखर धापा टाकतात. एका गावात त्यांना मुक्काम करावासा वाटला, तेव्हा उजवं बोट गावावर तसंच ठेवून डाव्या हाताने त्यांनी चहा आणि दोन बटाटेवडे संपवले. आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आपला नकाशा घेऊन ताटकळत उभ्या होत्या. त्यांनी जरा घसा खाकरला तर मामा म्हणाले, "हळू. आत्ताच डोळा लागलाय माझा."

एवढं करून शेवटी मरतात. कित्येक आठवडे ठिपका ठिपका करून भरलेलं माझं वाळवंट त्यांनी जेमतेम अर्धं ओलांडलं आणि बोट उताणं टाकलं. "जावईबापू, मेलो. विहीर कुठाय?" पुढच्या नकाशात मी मुद्दाम ऐटबाज नदी काढली. घोटाळा एवढाच झाला, की तिची दोन्ही टोकं समुद्राला मिळाली. पनवेलच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटतंय कसलं? ते नदीवर ओणवे झाले, ओंजळ तोंडाला लावली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "नदी कसली, खाडी आहे ही! खारं पाणी पोटात गेलं. आता काही वाचत नाही मी."

कासिमभाई कळवळले. "मामा, खुदा के वास्ते, एकदा तरी जिंदा पोचा की! जावयाने किती मेहनत केलीय बघा."

"मेहनत दिसतेय हो," मामा म्हणाले. "झाड कुठे दिसतंय?"

हे माळ्यावरच थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. नेऱ्याला एका फार्महाउसवर नात्यातलं लग्न होतं. तिथे मामांनी भर पंगतीत माझी ओळख करून दिली, "हे आमचे जावईबापू. यांचं राज्य मोठं आहे, पण प्यायला पाणी नाही." शेजारच्या भल्या माणसाने मला टँकरवाल्याचा नंबर दिला.

माझा संताप मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. राजधानी म्हणजे माझा जीव. भिंगाखाली बारीक निबने काढलेले वाडे, घाट, बाजारातलं एकेक दुकान. "मस्त" म्हणणाऱ्यांनी ती कधी नीट बघितलीच नाहीत. नीट बघणारा एकच माणूस होता आणि तो दर वेळी वाटेत मरायचा. मामांनी एकदा राजधानीत यावं आणि चांगली आहे म्हणावं, याची मला अक्षरशः हाव सुटली होती.

गेल्या वर्षी मामांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. समोरचं दिसेनासं झालं; कडेचं तेवढं धूसर दिसतं, आणि गेलेली नजर परत यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा रविवारी येईनासे झाले. पहिल्या रविवारी मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? डॉक्टरीणबाई माझ्या नव्या वाळवंटातून झरझर पलीकडे गेल्या, "मस्त" म्हणाल्या, आणि मला रडूच कोसळायच्या बेताला आलं.

मग मी इरेला पेटून नवा नकाशा काढला. कोसाकोसावर विहीर, विहिरीपाशी वड, वडाखाली चहाची टपरी. मामांना हाताला धरून माळ्याचा जिना चढवला. ते पाणी प्यायले, त्यांनी वैशाख धरला आणि मी त्यांचं बोट बंदरावर नेऊन ठेवलं. पहिल्याच वळणाला बोटाने रस्ता सोडला. माझ्या सगळ्या विहिरी, सगळे वड एका बाजूला राहिले. मामा धापा टाकत डोंगर चढले, उतरले आणि पलीकडच्या माळावर थांबले. तो नुसता कोरा कागद होता. तिथे मी काहीच काढलेलं नव्हतं.

"आली का राजधानी?" त्यांनी विचारलं.

कासिमभाई माझ्याकडे बघत राहिले. मी नियम मोडला. "आली, मामा."

"तुम्ही बोलायचं नाही," मामा खेकसले. मग त्या कोऱ्या जागेवर हलकेच बोट फिरवत राहिले. "ऐसपैस आहे. वारा छान येतोय. बाजार भरलेला दिसतोय." बराच वेळ ते तिथेच रेंगाळले. "चांगली वसवलीत हो, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी मी त्या माळावर राजधानी काढायला बसलो. तिथे नदी नाही, रस्ता नाही, तटबंदीला दगड मिळावा अशी टेकडी जवळपास नाही. राजधानीसाठी इतकी गैरसोयीची जागा अख्ख्या देशात दुसरी नसेल, आणि मामांना नेमकी तीच सापडली! चिडत चिडत मी जुन्या राजधानीवर जंगल वाढवलं, नदी वळवली, रस्ते पुन्हा आखले. आता येत्या रविवारी कुणी कितीही नावं ठेवोत, ती तिथून हलणार नाही.