पिवळी पाटी, पांढरी पाटी

आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते गिऱ्हाईकाच्या पिशवीतून कागदांबरोबरच बाहेर पडतात. काम झालं की गिऱ्हाईक कागद घेऊन जातं आणि किस्सा टेबलावर विसरतं. अंधेरीतलं माझं टेबल म्हणजे एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि डोक्यावर फाटकी छत्री. पण किस्से विचाराल तर खण उघडत नाही इतके! यातले निम्मे मी हसवायला म्हणून सांगायला घेते आणि मग मलाच गप्प बसावंसं वाटतं. आज बसले आहे तर सांगते.

टेबलावर आम्ही दोघं, मी आणि सावंतकाका. काका सत्तरीला टेकलेले, मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. मोटार टॅक्सचे नियम त्यांना आरतीसारखे पाठ. पूर्वी ते शेजारीच स्टुलावर बसून हाताने फॉर्म भरायचे. सगळं ऑनलाइन झालं आणि त्यांच्या स्टुलापुढे कुणी थांबेना. त्यांना नियम येत होते, मला कॉम्प्युटर. मी म्हटलं, "काका, स्टूल इकडे सरकवा." झाली पार्टनरशिप!

गिऱ्हाईकांशी काका अगदी शहरी मराठी बोलायचे. मालवणी फक्त माझ्याशी, आणि तीही आतून ढवळून निघाले की. त्यामुळे काकांचा दिवस कसा चाललाय ते मला त्यांच्या भाषेवरून कळायचं.

*

पवईहून एक मुलगा आला होता. कॉम्प्युटरवाला, पहिलीच गाडी, गळ्यात ऑफिसचं कार्ड. काकांनी त्याला समजावलं, "पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. तिचा टॅक्स एकदाच, गाडी घेताना भरायचा. त्याला लाईफटाइम म्हणतात. पिवळी पाटी म्हणजे धंद्याची गाडी. तिचा टॅक्स मुदत संपली की पुन्हा, मुदत संपली की पुन्हा."

मुलगा हुशार. म्हणाला, "लाईफटाइम म्हणजे कुणाच्या लाईफचा, काका? माझ्या की गाडीच्या?"

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "जो आधी जाईल त्याच्या!"

मुलगा इतका हसला की आम्हाला वडापाव खिलवून गेला. तेव्हापासून हा सवाल-जवाब आमचा टेबलावरचा ठरलेला विनोद झाला. कुणी लाईफटाइम भरायला आलं की मी विचारायचे, "कुणाच्या लाईफचा?" आणि काका उत्तर द्यायचे. एकाच दिवशी चार-चार वेळा व्हायचं आणि आम्ही चारही वेळा हसायचो.

*

बोरिवलीचा एक पांढरी पाटीवाला. खासगी गाडीत गुपचूप भाड्याची माणसं भरायचा. एक दिवस आरटीओच्या साहेबांनी अडवलं. आत चार प्रवासी. हा म्हणाला, "साहेब, सगळे घरचेच आहेत. हे पुढे बसलेत ते माझे सासरे."

साहेबांनी पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं, "जावयाचं नाव काय?"

म्हाताऱ्याला नाव कुठून माहीत असणार! पण त्याला कामावर वेळेत पोचायचं होतं. तो तडकून म्हणाला, "नाव घ्यायच्या लायकीचा आहे का तो?"

साहेबांनी सोडलं नाहीच. पण दंडाचं काय करायचं ते विचारायला आला तेव्हा गाडीवाला मोठ्या कौतुकाने सांगत होता, "सख्ख्या सासऱ्यानेसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नाही, मॅडम."

*

वर्सोव्याची ताराबाई कोळीण दर वर्षी पावसाळ्याआधी यायची. तिचा मासळीचा टेम्पो. बोटी बंद म्हणजे टेम्पो बंद. पिवळ्या पाटीची गाडी उभीच राहणार असेल तर तसं आधी लिहून द्यावं लागतं, म्हणजे तेवढ्या दिवसांचा टॅक्स लागत नाही. त्याला नॉन-यूज म्हणतात. गाडी कुठे उभी आहे, का उभी आहे आणि कधीपासून कधीपर्यंत, सगळं लिहायचं. त्या मुदतीत गाडी हलता कामा नये.

मी विचारलं, "कधीपर्यंत?"

"नारली पुनवंपर्यंत."

"बाई, तारीख लागते."

"मंग दर्याला इचार ना, मना काय इचारतंस!"

एका वर्षी साहेब गाडी बघायला खरंच गेले. बघतात तर टेम्पोत तीन बायका बसून जाळी विणतायत. साहेब म्हणाले, "गाडी वापरात नाही म्हणता, आणि हे काय?"

ताराबाईने जाळं खाली ठेवलंसुद्धा नाही. म्हणाली, "चाक फिरला तं वापर ना, सायेब? चाक बगा, गवत उगवलाय. फिरतान ती आमची तोंडा!"

हा किस्सा ऐकताना काका हसले नाहीत. "बरोबर बोलली ती," एवढंच म्हणाले. "चाक फिरलं तर वापर." मग घरी जायला उठले.

*

आता काकांच्या घरचं सांगायला हवं. नितीन, त्यांचा एकुलता एक. बत्तीस वर्षांचा. कर्ज काढून त्याने पिवळ्या पाटीची गाडी घेतली होती, एअरपोर्टची भाडी मारायचा. एके दिवशी मित्राच्या बाईकवर मागे बसून निघाला आणि पडला. कमरेखालचं सगळं गेलं. मित्राला खरचटलंदेखील नाही. नितीनची गाडी तर बिचारी गोरेगावला बिल्डिंगखाली धुऊनपुसून उभी होती.

काकांनी नॉन-यूजचा फॉर्म माझ्याकडूनच भरून घेतला. कारणाच्या रकान्यात लिहायला सांगितलं, "चालक आजारी, तात्पुरता." मुदत संपली की पुन्हा फॉर्म, पुन्हा तेच कारण. तिसऱ्या खेपेला मी "तात्पुरता" हा शब्द गाळून बघितला. काकांनी प्रिंट वाचली आणि माझ्यापुढे परत सरकवली.

मी शब्द घातला. दुसरं काय करणार?

*

त्या वर्षी बिल्डिंगच्या गणपतीला मंडपाची जागा कमी पडली. पोरं म्हणाली, काका, गाडी जरा मागे घेऊ. काका दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर अर्ज घेऊन हजर! "श्रीगणेशाच्या मंडपाकरिता सदर वाहन मूळ जागेवरून दहा फूट मागे नेण्यात आले आहे, तरी नोंद व्हावी."

आत खिडकीवरचे साहेब अर्ज वाचून हसायला लागले. "काका, नेण्यात आले म्हणजे चालवलंत की ढकललंत?"

"ढकललं. चौघांनी. किल्ली खिशात होती माझ्या."

"अहो, दहा फुटांसाठी कोण लिहून देतं?"

"मी देतो," काका म्हणाले.

साहेबांनी शिक्का मारून दिला. ते मला बाहेर येऊन सांगून गेले, असा माणूस पाहिला नाही. मीही मान डोलावली. मला तेव्हा त्यात नुसता काटेकोरपणाच दिसला.

*

पुढचा किस्सा काकूंनी सांगितला, म्हणजे काकांच्या बायकोने. त्या टेबलावर कधी येत नाहीत. त्या दिवशी तणतणत आल्या. काका आत खिडकीवर गेले होते.

आदल्या दुपारी नितीनला ताप भरला होता. अंग नुसतं चटके देत होतं. हॉस्पिटलला न्यायचं म्हणून दोघांनी त्याला व्हीलचेअरवर घालून खाली आणलं. एक रिक्षावाला खुर्ची बघून निघून गेला, दुसरा निघून गेला, तिसरा म्हणाला, "खुर्ची नहीं चढेगी." आणि समोर स्वतःची गाडी उभी! शेजारचे राणे धावत आले. म्हणाले, "किल्ली द्या, काका, मी चालवतो, दहा मिनिटांत पोचवतो."

काका म्हणाले, "नको. वापरात नाही म्हणून लिहून दिलंय."

"मी त्यांना काय नाय नाय ती बोलले," काकू म्हणाल्या. "कागद मोठा की पोर मोठं, विचारलं. चौथी रिक्षा थांबली तेव्हा नितीन अर्धवट शुद्धीत होता. मॅडम, तुम्ही सांगा, असला कसला कायदा?"

मी म्हटलं, काकू, असा कायदा नाही. एक दिवसाचं काय ते नंतर निस्तरता आलं असतं. काकांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

काकू पदराने तोंड पुसून निघून गेल्या.

काका परत आल्यावर मला राहवलं नाही. मी चांगलीच भांडले. "काका, कोण पकडणार होतं तुम्हाला? काय वेडेपणा हा!"

ते स्टुलावर बसले. शाईचं पॅड उघडून पुन्हा मिटलं. मग म्हणाले, "पकडुचो प्रश्न नाय गो. ती गाडी नितीनची. एकदा राण्यान चालवली की ती नितीनशिवाय चालता, ह्या सगळ्यांका कळला असता. नितीनाक सुद्धा."

त्या "तात्पुरता" शब्दावर हा माणूस एवढा काळ उभा होता आणि मी टायपिंगची चूक काढावी तसा तो काढायला निघाले होते. मला माझीच लाज वाटली.

नितीन वाचला. पंधरा दिवसांनी घरी आला.

*

आणि हे गेल्या महिन्यातलं.

सकाळी काका आले ते स्टुलावर बसलेच नाहीत. गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसले, माझ्या समोर. हातात प्लास्टिकची पिशवी, आत आरसी, परमिट, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र, सगळं क्रमाने लावलेलं. नॉन-यूजची मुदत त्या आठवड्यात संपत होती, म्हणून मी तो फॉर्म उघडला.

"तो नको," काका म्हणाले. "परमिट परत करायचंय. गाडी खासगी करायची. पांढरी पाटी."

शहरी मराठी. अगदी गिऱ्हाईकासारखी.

मी विचारलं, "नितीनला सांगितलंत?"

"तोच म्हणाला. खिडकीतून दाखवलं मला. म्हणे, बाबा, गाडी वापरात नाही कुठे, कबुतरं वापरतायत की! म्हणे, पाटी बदला, राण्यांना चालवू दे, मला वर्सोव्याला समुद्र बघायचाय. पुढच्या सीटवर बसून."

मी फॉर्म भरायला घेतला. मालकाचं नाव, गाडीचा नंबर, परमिट परत करण्याचं कारण. काकांनी कारण सांगितलं, "चालक आजारी." मी थांबले. पुढचा शब्द त्यांनी सांगितला नाही.

शेवटच्या पानावर टॅक्स आला. पाटी पांढरी होणार, म्हणजे उरलेला लाईफटाइम भरायचा. आणि बघा, सवय किती वाईट असते. माझे डोळे स्क्रीनवर होते, बोटं चालू होती, आणि तोंडातून निघून गेलं, "कुणाच्या लाईफचा?"

जीभ चावली मी. पण शब्द गेला होता.

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"नितीनच्या घाल गो," ते म्हणाले. "माझो पुरचो नाय."