बहिरीनं मारलेली हाक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही... पण हे मी स्वतः पाहिलंय, त्याला काय करू?

दुसरं महायुद्ध चालू होतं, मी आठेक वर्षांची. घोडेगावात गुरांच्या बाजाराजवळ आमचं घर. परसात एक सपाट दगड होता, त्यावर माझी आत्या रोज पाखरांना बाजरीच्या कण्या टाकायची. लहानपणी गोवरात तिचे कान गेलेले. तेवढ्यावरून सासरच्यांनी माघारी धाडलेली. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची. तिला 'बहिरी' म्हणायची घरात कुणाची टाप नव्हती, दादांनी – म्हणजे माझ्या वडिलांनी – तशी ताकीदच दिली होती.

त्या हिवाळ्यात एका सकाळी दगडावरच्या चिमण्या भर्रकन उडाल्या आणि भिंतीवर ससाणा येऊन बसला. काय रुबाब! दादा हरखून ओरडले, "आरं, बहिरी आली, बहिरी!" बहिरी ही ससाण्याचीच एक जात हो! पण आत्या नेमकी तेव्हाच दारात आली. तिला दिसले फक्त दादांचे ओठ.

झालं! तरातरा आत गेली, लुगडी बोचक्यात कोंबली. "भाऊबी तसलाच निघाला. मी न्हाई ऱ्हात हितं!" दादा आडवे गेले, पण ती तोंडाकडे बघेचना. मग तिला सांगणार कसं?

ती पुढच्या उंबऱ्यापाशी पोचली आणि मागे परसात ससाणा ओरडला – कॅक् कॅक् कॅक्!

आत्या गर्रकन वळली. "कोन वरडलं?"

आम्ही सगळे गारच! बोचकं टाकून ती परसात धावली. ससाणा पुन्हा ओरडला आणि ती टाळ्या पिटत नाचायलाच लागली. "मला ऐकू येतंय! लई ग्वाड हाय गं बया!" त्या कर्कश आवाजाला गोड म्हणणारी तीच एकटी. दादा रडत-हसत तिच्यासमोर उभे राहिले, "हिचं नाव बहिरी, येडे! तुला न्हाई म्हनलो!" मग तर तिचं हसू थांबेना.

आईनं लगेच टेस्ट घेतली. आत्याच्या पाठीमागे पितळी परात बडवली. ससाणा उडाला, मी कान दाबले... आत्या ढिम्म.

हिवाळाभर ससाणा येत राहिला. आत्या पाठमोरी असली तरी त्याचा – फक्त त्याचाच – आवाज तिला ऐकू यायचा. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं, कानाची आकृती फळ्यावर कितीदा काढली. उत्तर आजही नाही.

उन्हाळा लागला, ससाणा गेला. आत्याला परत काही ऐकू आलं नाही. ती खचेल या भीतीनं दादा तिच्यापाशी जाऊन बसले. ती हसली. म्हणाली, "आता म्हन मला बहिरी... खुशाल म्हन!"