एका हिरव्याला एकच गाडी

खालापूरला एक्सप्रेस-वेवर चढायच्या रस्त्यावर मधे काही महिने सिग्नल बसवला होता. चौकात असतो तसला नव्हे. चढणीच्या तोंडाशी, नुसता गाड्या रोखून धरायला. वर गर्दी वाढली की खाली लाल लागायचा आणि मग एका हिरव्याला एकच गाडी सोडायची. झुंडीनं घुसल्या की वरचं सगळंच तुंबतं, म्हणून ही युक्ती. एका गाडीला पाच-दहा सेकंद लागायचे, फार नाही. हे मी आता शांतपणे सांगतोय, त्या दिवशी कुठं गेली होती ही अक्कल?

माझी थोरली बहीण चिंचवडला दिलेली. ती सकाळी गेली. दाजींचा फोन आला, "स्मशानात चारची वेळ मिळालीय. साडी घेऊन निघा." आमच्यात सवाष्ण गेली की माहेरची साडी अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आईवडील कधीच गेलेले, भाऊ मी एकटा. म्हणजे ते काम माझंच. भिसेगावातून निघालो, कर्जतच्या बाजारात बायकोनं बारीक काठांची हिरवी साडी घेतली, कारण जाड काठ ताईला टोचायचे. दीडच्या सुमाराला आम्ही खालापूरला होतो. वेळ भरपूर होता.

सिग्नलला पुढं सात-आठ गाड्या होत्या. मला वाटलं, ॲम्ब्युलन्सला सोडतात तसं मलाही सोडतील. खरंच वाटलं. आमचं मूळ गाव लोधिवलीकडचं. तिथं साडी घेऊन निघालेल्या माणसाला कुणी आडवं येत नाही, हात दाखवला की टेंपोवालासुद्धा थांबतो. मी गाडीतून उतरलो, पिशवीतली साडी काढली आणि सिग्नलपाशी गाड्या सोडायला उभ्या असलेल्या माणसापुढं धरली. पंचविशीतला असेल, मोहोपाड्याकडचा वाटला.

"समजतंय वो काका," तो म्हणाला. "पन तुमाला मदीच सोडला तर मागचे सगळे अंगावर येतील माज्या. बसा गाडीत, दोन मिन्टांत नंबर येतोय."

शहाण्यानं बसावं की नाही? मी त्याला विचारलं, तुला बहीण आहे का? तो म्हणाला, "हाय ना." मग लाज कशी वाटत नाही रे, म्हटलं. त्यानंतर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. अती राग, भीक माग, असं आमची आई मला बघूनच म्हणायची. माझं तोंड चालू असताना पुढच्या गाड्या एकेक करत निघून गेल्या. बायको काच खाली करून म्हणाली, "अहो, आपला हिरवा झाला, या ना." तो हिरवा गेला. पुढचाही गेला. मागं हॉर्न सुरू झाले, मग पोलीस साहेब आले, गाडी कडेला घ्यायला लावली, लायसन मागितलं. त्यांच्याशीही मी भांडलो. घाटातली गर्दी मी धरूनच निघालो होतो. हा पाऊण तास धरला नव्हता.

चिंचवडला पोचलो तर दार धुतलेलं. तसाच स्मशानात पळालो. दाहिनीचं दार लागलं होतं. साडी माझ्या हातातच राहिली.

भाची रडत म्हणाली, "मामा, खूप थांबलो हो. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांची नवी साडी काढून दिली."

"सिग्नलनं अडवलं गं," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं, आणि मग ते परत घेता आलं नाही. ताई परक्या बाईच्या साडीत गेली ती माझ्या जिभेपायी. हे मला रोज डाचतं. भाची मात्र दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला, येईल त्या पाहुण्याला सांगत राहिली की सिग्नलमुळं मामा पोचले नाहीत. माझ्याकडून ऐकलेल्या त्या मोहोपाड्याच्या पोरालाही तिनं शिव्याशाप दिले. मी मान खाली घालून जेवत होतो.

परवा तिचा फोन आला. आता येताजाता तिथं सिग्नल दिसत नाही म्हणाली, काढला वाटतं. "बरं झालं मामा. मेल्यानं माझ्या आईची साडी अडवली होती."

"हो गं," मी म्हटलं.

बायको समोर शेंगा सोलत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.