घोड्याला मारलेली हाक

बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्या बाई मला एकदाच भेटल्या. साठी उलटलेली, साडीखाली स्पोर्ट्स शूज. कुठलाही शब्दकोश हाती आला की त्या आधी घोडा शोधायच्या म्हणे. त्या दिवशी फाटका कोश छातीशी धरून माझ्यासारख्या अनोळखी माणसाला म्हणाल्या, "अहो, सापडला! जुन्या स्लाव लोकांचा घोडा, 'कोन्'! शब्द आला कुठून, यावर पंडित अजून भांडतायत. पण हाक मारायचं रूप वेगळं, 'कोन्यू!' म्हणजे ते घोड्याशी बोलायचे हो!"

तेवढ्यात रस्त्यावरून घोड्यावरच्या नवरदेवाची वरात आली. बाई पायरी उतरून धावल्याच.

"जन्मभर रशियन शिकवलं, पण खऱ्या घोड्याला कधी हाक मारली नाही!"

दोन गाण्यांच्या मध्ये बँड जरा थांबला आणि त्या ओरडल्या, "कोन्यूऽऽ!"

नवरदेव वळला, करवली वळली. घोडा ढिम्म.

"काकू, घोडा पुण्याचा आहे," दुकानदार म्हणाला. "पहिल्या हाकेला ओ देणार नाही."

एवढ्यात घोड्याचा एक कान अलगद आमच्याकडे फिरला.

बाईंनी कोश माझ्या हातात कोंबला आणि वरातीमागून चालू लागल्या.