पाठीवरचं बोट

कारखान्यात तिला सगळे आकडेवाली म्हणत. एकदा नवा कारकून हजेरीची वही घेऊन थेट तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आज किती माणसं कामावर आहेत, तेवढा आकडा द्या." तिनं कमरेला खोचलेला लोखंडी आकडा काढून त्याच्या नाकासमोर धरला. "माझ्याकडे हा एवढाच आहे, आणि तो मी कुणाला देत नाही." बायका हसून हसून लोळल्या. कारकून पुढे आठवडाभर त्या बाजूला फिरकला नाही.

त्या आकड्यानं ती सळयांना तार बांधायची. कारखान्यात सिमेंटच्या बार्ज, म्हणजे माल वाहायच्या सपाट बुडाच्या होड्या, व्हायच्या. पोलाद परवडेनासं झालं तेव्हा शेठनं हा उद्योग काढला होता. लोक टिंगल करायचे, दगडाची होडी पाण्यावर राहायची कशी म्हणून. शेठचं उत्तर ठरलेलं होतं. लोखंडाची राहते ना, मग हिनं काय घोडं मारलंय? आधी सळयांचा सांगाडा उभा करायचा, बार्जच्या आकाराचा, घरापेक्षा उंच. सळई सळईला जिथे भेटते तिथे तार आवळायची. एका बार्जला अशा हजारो गाठी. मग आतून-बाहेरून फळ्या ठोकायच्या आणि मधल्या फटीत काँक्रीट ओतायचं. ते मात्र एका दमात. मध्ये थांबलं तर सांधा राहतो, आणि सांधा राहिला की पाणी आत शिरतं. नंतर महिनाभर फळ्यांवरून ओली गोणपाटं घालून भिंती भिजत ठेवायच्या.

फळ्या निघाल्या की तिच्या नवऱ्याचं काम सुरू व्हायचं. त्यांना सगळे ठोकेमास्तर म्हणत. हातात छोटी हातोडी घेऊन ते सबंध बार्ज वीतवीतभर अंतरानं ठोकत जायचे. भरीव असेल तिथे टण्ण वाजायचं. आत पोकळी राहिली असेल, खडी बसली पण सिमेंट पोचलं नसेल, तिथे भद्द. भद्द वाजलं की मास्तर लाल खडूनं गोल काढायचे. गोल काढलेली जागा फोडून पुन्हा भरायची. मास्तरांनी "पास" म्हटल्याशिवाय बार्ज पाण्यात जात नसे. इंजिनिअरसुद्धा त्यांच्यापुढे जास्त बोलत नसत.

हे काम मिळण्याआधी मास्तरांनी अकरा वर्षं व्हायब्रेटर धरला होता. ओतलेलं काँक्रीट नीट खाली बसावं म्हणून ते यंत्र फळ्यांना लावून हलवत राहायचं. त्याचा आवाज असा, की संध्याकाळी घरी आल्यावरही डोक्यात भुंगा चालूच. त्या भुंग्यानं त्यांचे कान हळूहळू पोखरले. आधी दारावरची कडी ऐकू येईना, मग पातेलं उतू गेल्याचं कळेना. मास्तर म्हणायचे, "लक्ष नव्हतं." घरात तीन माणसं, त्यातली लेक लग्न होऊन गेली, म्हणजे उरली दोन. लक्ष नव्हतं ही सबब तिनं दोन वर्षं चालवून घेतली.

मग एक दिवस बार्जच्या पोटात वरून फळी निसटली. ती मागून ओरडली, "सरका!" मास्तर जागचे हलले नाहीत. फळी त्यांच्या खांद्यावर आली. हाड वाचलं. ती पुढे झाली तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

त्या दिवशी घरी ती त्यांच्यासमोर बसली आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "किती दिवस झाले?"

"उजवा कधीचाच गेलाय. डाव्यानं थोडं येतं."

"मग ठोकताना?"

"हाताला कळतं," मास्तर म्हणाले. "हातोडी कशी उडते त्यावरून."

"नेहमी?"

मास्तर खांदा चोळू लागले.

सांगितलं असतं तर काम गेलं असतं. बहिरा ठोकेमास्तर कोण ठेवणार? तोड तिनंच काढली. बार्जच्या पोटात अंधार असायचा, वायरला लावलेला दिवा धरायला कुणीतरी लागायचंच. तो दिवा ती धरू लागली. डाव्या हातात दिवा, उजवा तळहात मास्तरांच्या पाठीवर. टण्ण वाजलं तर हात स्वस्थ. भद्द वाजलं तर एक बोट दाबायचं. मास्तर तिथंच थांबून खडू काढायचे. बघणाऱ्याला वाटायचं, बाई अंधारात नवऱ्याचा आधार घेऊन चाललीय. मुकादम वरून वाकून म्हणायचा, "काय वहिनी, जोड्यानं फिरायला निघालात का?" ती म्हणायची, "तुमच्या बागेत दुसरं काय करायचं, भाऊजी?"

सहा वर्षं हे चाललं. सतरा बार्ज त्यांनी अशा पास केल्या. तिचा कान इतका तयार झाला की टण्ण आणि भद्द यांच्या मधले आवाजही तिला वेगळे ओळखू येऊ लागले. मास्तरांना ते कळत होतं. कधी ते तिला काही न बोलता चहा करून द्यायचे, तर कधी बोट दाबलं तरी मुद्दाम पुढे जायचे आणि दोन पावलं टाकून परत फिरायचे, जणू स्वतःच्याच लक्षात आलं. तिनं त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही.

अठराव्या बार्जच्या फळ्या निघायच्या होत्या आणि लेकीचा निरोप आला. दिवस भरले नव्हते, पण तिला दवाखान्यात ठेवलं होतं. लेकीचं गाव बसनं सात तास. आकडेवालीचा पाय निघेना.

"जा," मास्तर म्हणाले. "फळ्या निघायला आठ दिवस आहेत. तू येईपर्यंत मी हात लावत नाही."

ती गेली. लेकीला मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. बाराव्या दिवशी ती परतली तर मास्तर घरातच, चपला झिजल्यात म्हणून टाचेला खिळा मारत बसलेले.

"बार्ज?" तिनं विचारलं.

"झाली. गिऱ्हाइकाची घाई होती. मुकादम पाठीस लागला."

"तुम्ही एकट्यानं ठोकली?"

"चार ठिकाणी गोल काढले. फोडून भरले."

"कुठे कुठे?"

मास्तरांनी सांगितलं. चारही जागा भिंतीवर, उभ्यानं हात पोचेल अशा. तळाला, जिथे भिंत वळून बुडाला मिळते आणि जिथे दर वेळी हटकून काहीतरी निघायचं, तिथे एकही नाही. ती तशीच, प्रवासाच्या कपड्यांत, हातोडी घेऊन कारखान्यात गेली. बार्ज पाण्यात सोडायच्या उतरणीवर चढवलेली होती. आतून डांबर मारून झालं होतं.

"ओलं आहे, वहिनी," मुकादम म्हणाला. "आत कुणाला सोडायचं नाही असा हुकूम आहे. तुमचं काय हरवलंय का आत?"

हरवलंय म्हटलं असतं तर त्यानं कदाचित सोडलंही असतं. पण मग हातोडी कशाला, असं त्यानं विचारलं असतं. "काही नाही," म्हणून ती परत फिरली. दुसऱ्या दिवशी बार्ज पाण्यात गेली आणि छान तरंगली.

पाच महिने बार्जनं खडी वाहिली. मग एका सकाळी, वारा नाही, लाट नाही, अशा पाण्यात ती मागच्या बाजूनं खचली आणि पाव तासात बुडाली. वर तिघं होते, बार्ज चालवणारा तांडेल आणि दोन खलाशी. दोघांची प्रेतं त्याच दिवशी मिळाली. एका खलाशाचं मिळालंच नाही.

बातमी आली तेव्हा आकडेवाली पुढच्या बार्जच्या सांगाड्यावर होती. ती खाली उतरली. मास्तर फाटकाशी उभे होते. माणसं धावत होती, ओरडत होती, आणि ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत काय झालं ते वाचायचा प्रयत्न करत होते. तिनं समोर जाऊन सांगितलं. मास्तरांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

चौकशी लागली. आदल्या संध्याकाळी मुकादम घरी आला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

"सरळ आहे," तो म्हणाला. "तांडेलनं माल जास्त भरला आणि बार्ज खडकावर घातली. सगळे हेच सांगणार आहेत. मास्तरांनी फक्त म्हणायचं, मी ठोकली, पास होती."

"खडक आहे तिथे?" आकडेवालीनं विचारलं.

"असेल की. पाण्याखाली काय कमी खडक असतात?" मग आवाज उतरवून म्हणाला, "वहिनी, गेलेला माणूस काही उत्तर द्यायला येत नाही. कारखान्यात दोनशे माणसं आहेत."

मास्तर त्याच्या ओठांकडे टक लावून पाहत होते. त्यांनी मान हलवली.

बंदराच्या कचेरीत लांबलचक व्हरांडा होता आणि त्यात एक बाक. बाकावर तांडेलची बायको बसली होती. तिच्या मांडीवर नवऱ्याची कागदपत्रं, पिशवीत घट्ट गुंडाळलेली. आत जाऊन आलेला प्रत्येक माणूस तिच्यासमोरून खाली मान घालून जात होता. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. माल जास्त होता. तांडेल घाई करायचा. एक जण तर म्हणाला, तांडेल प्यायचा. ती बाई नुसती पिशवी धरून बसली होती.

ठोकेमास्तर आणि आकडेवालीला एकत्रच आत बोलावलं, कारण दिवा धरणारी म्हणून वहीत नेहमीप्रमाणे तिचंच नाव पडलं होतं. अधिकारी वयस्कर होता, सर्दी झालेला. टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदावर एक तुकडा ठेवला होता. पाणबुड्यांनी बार्जच्या बुडातून काढलेला. खडी खडीला नुसती चिकटलेली, मधे सिमेंटचा पत्ता नाही. बोट घातलं तर आरपार जावं. त्यातून हातभर सळई बाहेर आली होती आणि सळईवर तारेची गाठ. दोन पीळ डावीकडे, मग टोक आत दुमडलेलं. असं टोक कारखान्यात एकटी आकडेवालीच दुमडायची, काँक्रीट ओतणाऱ्यांचे हात फाटू नयेत म्हणून.

अधिकाऱ्यानं रुमाल नाकाला लावून विचारलं, "ही जागा तुम्ही ठोकली होती?"

रुमालामुळे मास्तरांना ओठ दिसले नाहीत. ते म्हणाले, "पास होती."

"मी विचारतोय, ही जागा ठोकली होती का?"

"मी ठोकली, पास होती," मास्तर म्हणाले.

अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर बाक करकरला. आकडेवालीला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकू आला.

"साहेब, त्यांना ऐकू येत नाही. आठ वर्षं झाली. सहा वर्षं त्यांच्याऐवजी मीच ऐकत होते. या बार्जच्या वेळी मी गावाला होते. आल्यावर मला शंका आली होती, पण मी बोलले नाही. तांडेलचा काही दोष नाही."

मास्तर तिच्याकडे वळले होते. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत त्यांनी तिचे ओठ वाचले. मग त्यांनी नजर काढून घेतली.

तांडेलवरचा ठपका गेला. शेठचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला आणि नंतर कारखाना उघडलाच नाही. दोनशे माणसं पांगली. मास्तरांना वय पाहून शिक्षा झाली नाही. मुकादम रस्त्यात दिसला की समोरच्या बाजूला जायचा. तांडेलची बायको एकदा बाजारात भेटली. आकडेवाली थांबली. ती बाई बाजूनं निघून गेली. तिनं आभार मानावेत असं आकडेवालीला वाटत नव्हतं, पण निदान काही बोलावं असं वाटत होतं.

आणि मास्तर बोलायचे थांबले. दुसऱ्या कुणाशी नाही, फक्त आकडेवालीशी. दुसऱ्या घरात नवरा रुसला तर निदान बायकोचं बोलणं त्याच्या कानावर पडतं. इथे तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायला एकच वाट होती, त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहायचं. ते त्यांनी बंद केलं. ती समोर आली की ते भिंतीकडे पाहायचे, ताटाकडे पाहायचे, स्वतःच्या हातांकडे पाहायचे. मीठ संपलं तर रिकामी बरणी ओट्याच्या कडेला आणून ठेवायचे. अंग दुखत असेल तर तेलाची बाटली. पहिल्या महिन्यात तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा तिनं तसं केलं नाही.

ती बांधकामांवर जाऊ लागली, पाण्याच्या टाक्यांच्या सळया बांधायला. मास्तर घरी बसून हातोड्यांचे दांडे तासायचे. लेक आली की तिच्याशी, नातीशी ते बोलायचे, हसायचे, त्यांच्या तोंडाकडे नीट बघत. एकदा लेक आईला बाजूला घेऊन म्हणाली, "एकदाची माफी माग आणि मिटव."

"कशाबद्दल मागू?"

लेक म्हणाली, "मी तेव्हा तुला बोलावलंच नसतं तर…"

"गप्प बस," आकडेवाली म्हणाली. "तुझी मुलगी ऐकतेय."

अशी अकरा वर्षं गेली. बाराव्या वर्षी मास्तरांच्या छातीत दुखण्यानं घर केलं. आयुष्यभर ओढलेली सिमेंटची धूळ, डॉक्टरनं फोटोत पांढरी दाखवली. त्यांना उठवेना. ती त्यांचं सगळं करायची. कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची. घास घेताना ते छताकडे बघायचे.

एका दुपारी ती त्यांची उशी सारखी करत होती आणि मास्तर एकदम बोलले. आवाज घोगरा झाला होता.

"तू असतीस तर तुला कळलं असतं?"

तिनं पाहिलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. अकरा वर्षांनी. तिच्या हातात उशी तशीच राहिली. नाही म्हणणं सोपं होतं. त्या माणसाचे फार दिवस उरले नव्हते, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण तिला बुडाचा तो तुकडा आठवला. बोट आरपार जाईल असा. त्याच्यावर हातोडी पडती तर बहिऱ्यालाही कळलं असतं. मास्तरांनी तिथे हातोडी मारलीच नव्हती, वाकले नव्हते, कारण पाठीवर हात नव्हता.

"हो," ती म्हणाली. "कळलं असतं."

मास्तर बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिले. "मलाही तसंच वाटलं," ते म्हणाले. "तू नाही म्हणाली असतीस तर मी ऐकलं नसतं."

मग म्हणाले, "पाणी दे."

त्यानंतर मास्तर एकोणीस दिवस जगले. बोलायचे, जेवढा दम असेल तेवढं. बहुतेक साधंच. खिडकी लाव. नात कितवीत गेली? त्या कोपऱ्यातल्या दांड्यांना तेल लाव, नाहीतर तडकतील. आकडेवाली त्यांच्या समोर बसायची, उजेडाच्या बाजूला तोंड करून, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत. बार्जचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि तीही काही बोलली नाही. विसाव्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं.

दहा दिवसांनी ती कामावर गेली. एका टाकीच्या तळाच्या सळया अर्धवट राहिल्या होत्या आणि ठेकेदार खोळंबला होता.